डाग कुणाचा?

नागपुरात स्वतःहून काळं व्हायला पैसे मोजणारा माणूस बघायचा असेल, तर बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री एखाद्या जिममध्ये जा. तिथे एक पोरगा नुसत्या चड्डीवर, दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभा असतो आणि दुसरा कुणीतरी स्पंजने त्याच्या पाठीवर गडद तपकिरी रंगाचा थर देत असतो. एक थर झाला की वाळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा, मग तिसरा. याला सगळे 'टॅन लावणं' म्हणतात.

कारण साधं आहे. स्टेजवरचे दिवे इतके प्रखर असतात की उजळ कातडीवर स्नायूंच्या रेषा पुसल्यासारख्या होतात. गडद रंगावर उंचवटे चमकतात, खाचांमध्ये सावली पडते आणि पंचांना 'कट' दिसतात. त्यामुळे मुळात सावळा असलेला पोरगाही टॅन लावतो. गल्लीतल्या स्पर्धेपासून 'महाराष्ट्र श्री'पर्यंत हे चालतं. आणि याच पोराला त्याची आई मे महिन्यात दारातून ओरडून सांगते, "उन्हात नको फिरू रे, काळा पडशीन. लग्नाचं पाहून राहिलो न तुह्या!"

मला बोलायचंय ते या रंगाच्या डागांबद्दल. टॅन लावलेला माणूस रात्री झोपतो, घामेजतो, गाडीत बसतो, टॉवेलला अंग पुसतो. जिथे जिथे तो टेकतो, तिथे रंग उतरतो. हे डाग पडू नयेत म्हणून काय करायचं, हा तसा घरगुती प्रश्न आहे. पण त्याच्या मागे गेलं की एक नैतिक प्रश्न लागतो: आपल्या अंगाचं आपण काय करायचं ही गोष्ट कुठपर्यंत आपली असते आणि कुठून पुढे ती दुसऱ्याची होते?

आधी रंगाचं समजून घेऊ. बाजारात मिळणाऱ्या सेल्फ टॅनरमध्ये मुख्य काम करतं ते डायहायड्रॉक्सीअॅसिटोन, थोडक्यात डीएचए. ही एक साधी, तीन कार्बनची साखर आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये एव्हा विटगेन्स्टाइन नावाच्या संशोधिका ग्लायकोजेन साठण्याचा आजार असलेल्या मुलांना डीएचए तोंडाने देत होत्या. मुलांच्या हातून ते अंगावर सांडायचं आणि काही तासांनी तिथली कातडी तपकिरी व्हायची. १९६० मध्ये यावरचा शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला, आणि त्याच सुमारास कॉपरटोन कंपनीने उन्हाशिवाय टॅन देणारं लोशन बाजारात आणलं.

ही साखर कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी जुळते आणि तपकिरी रंग तयार होतो. पाव भाजताना त्याची वरची बाजू तपकिरी होते, दूध आटून खवा होताना त्याला रंग चढतो, त्याच कुळातली ही प्रक्रिया. मेलेल्या पेशी रोज झडतच असतात, म्हणून साधारण आठवड्याभरात रंग जातो. स्पर्धेच्या टॅनमध्ये बहुतेकदा यासोबत लगेच दिसणारा वरवरचा रंगही असतो.

डागाचं गणित इथेच आहे. वरवरचा रंग कशालाही लागतो, पण सुती कपड्यातून तो बऱ्यापैकी धुतला जातो. डीएचएला मात्र अमिनो गट हवे असतात आणि ते रेशमात, लोकरीत, नायलॉनमध्ये असतात. म्हणजे आईच्या पैठणीला आणि स्वतःच्या पाठीला हे रसायन जवळपास एकाच नजरेने बघतं. सुती कापड हे सेल्युलोज, त्यामुळे तिथे हा पक्का रंग धरत नाही. म्हणून उपाय असे: रंग पूर्ण वाळू द्यायचा, नंतर सहा-आठ तास सैल, जुने, गडद सुती कपडे घालायचे, पांघरायला घरातली सगळ्यात जुनी चादर घ्यायची, रेशमाच्या आसपास फिरकायचं नाही. तरी डाग पडलाच तर तो वाळायच्या आत मागच्या बाजूने गार पाणी सोडायचं, पातळ साबण लावून थोडा वेळ ठेवायचं, आणि गरम पाणी व इस्त्री या दोन्ही गोष्टी डाग जाईपर्यंत लांब ठेवायच्या.

एवढं कळलं की काम झालं, असं वाटतं. पण हे उपाय कुणी करायचे?

माझ्या ओळखीचा एक जण स्पर्धेच्या आदल्या रात्री टॅन लावून घरी झोपला. सकाळी चादरीवर माणसाची आकृती उमटली होती, खांदे, कंबर, पोटऱ्या, सगळं. त्याला पदक मिळालं. स्टेजवरचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. चादर त्याच्या आईने दोन दिवस भिजवली आणि तिसऱ्या दिवशी मावशींनी दगडावर घासली. तो वाईट पोरगा नाही. आईच्या गुडघ्यांसाठी त्याने कर्ज काढून उपचार केलेत. पण ती चादर धुणं हा आपल्या पदकाचा भाग आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बाहेरगावच्या स्पर्धेत हेच लॉजच्या टॉवेलचं होतं. तो टॉवेल पुन्हा पांढरा झाला की नाही, त्याचे पैसे कुणाच्या पगारातून गेले, हे खेळाडूला कधीच कळत नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' लिहिलं. त्यातला मुद्दा आज आपण रोज इंस्टाग्रामवर वेगळ्या शब्दांत वाचतो: ज्याचा परिणाम माझ्यापुरता आहे, त्यात मला अडवायचा हक्क कुणालाही नाही, दुसऱ्याचं नुकसान होत असेल तेवढंच समाजाने मधे पडावं. माझं शरीर, माझी मर्जी. मला हे मान्य आहे. अंगाला तपकिरी लावा, केस निळे करा, मानेवर टॅटू काढा. पण मिलचा मुद्दा एका सीमारेषेवर उभा आहे, आणि ओला टॅन ती सीमारेषा पाळत नाही. तो पाठीवरून चादरीवर जातो. चादर धुणाऱ्याच्या हातावर जातो.

आमच्या धंद्यात 'साइड इफेक्ट' असा शब्द आहे. एखादं फंक्शन आपलं उत्तर देऊन थांबलं तर ते 'प्युअर'. उत्तर देता देता बाहेरची एखादी व्हॅल्यू बदलून गेलं, तर तो साइड इफेक्ट. साइड इफेक्ट म्हणजे गुन्हा नव्हे. त्याच्याशिवाय स्क्रीनवर एक अक्षर उमटणार नाही. अट एवढीच की तो लपलेला नसावा, कारण लपलेला असला की रात्री दोन वाजता दुसराच कुणीतरी तो शोधत बसतो. चादरीवरचा डाग हा असा लपलेला साइड इफेक्ट आहे. लपलेला अशासाठी की तो धुऊन निघतो, आणि धुऊन निघालेली गोष्ट कुणी मोजत नाही. धुणं नीट झालं तर झाल्याचं कळतही नाही.

यावर कुणी म्हणेल, एका चादरीचं काय घेऊन बसलात, वॉशिंग मशीन आहे ना. पण ज्यांच्या घरी मशीन आहे, त्यांच्याकडेही असले डाग आधी हाताने घासावे लागतात. आणि मला प्रश्न डागाच्या आकाराचा वाटत नाही. 'एवढ्याशा गोष्टीचं काय' असं कोण म्हणू शकतं? ज्याला ती धुवायची नसते तोच.

विदर्भात हे कळायला फार लांब जावं लागू नये. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. पुढे ते गाडगेबाबा झाले. गावात पाय ठेवला की ते आधी खराटा घेऊन रस्ते झाडत, आणि कीर्तन रात्री. आपण त्यांच्या नावाने स्वच्छता अभियान काढलं, विद्यापीठाला नाव दिलं, शाळेत वेशभूषा केली. पण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इतरांचे डाग काढले, त्या समाजातला माणूस सगळ्यांसमोर खराटा हातात घेतो, यातलं सांगणं आपण अर्धंच ऐकलं. 'स्वच्छ राहा' एवढं ऐकलं. 'ज्याने घाण केली त्याने ती उचलावी' हे ऐकायचं राहिलं.

इथपर्यंत कपड्याचं झालं. आता कातडीकडे येऊ, कारण डाग हा शब्द आपण कपड्यावर थांबू दिलेला नाही.

मराठी बोलणं जरा कान देऊन ऐका. चांगला माणूस 'उजळ माथ्याने' फिरतो. वाईट वागलं की कुळाला 'काळिमा' लागतो. नको असलेल्या माणसाला 'तोंड काळं कर' म्हणतात. चारित्र्याला 'डाग' लागतो. म्हणजे भाषेने फार पूर्वीच ठरवून टाकलंय की काळा रंग हा लागलेला असतो, मूळचा नसतो. खाली कुठेतरी पांढरं कापड आहे आणि त्यावर काहीतरी सांडलंय. फेअरनेस क्रीमच्या जाहिरातीला वेगळं काही सुचवावं लागलं नाही. कपड्याच्या साबणाची जाहिरात आणि चेहऱ्याच्या क्रीमची जाहिरात एकाच साच्यातून निघते: आधीचा मळका फोटो, नंतरचा उजळ फोटो, मधे एक ट्यूब किंवा पुडा.

'फेअर अँड लव्हली' भारतात १९७५ मध्ये आली. गडद रंगाच्या माणसांना दुःखी किंवा कमी दर्जाचं दाखवू नका, अशी मार्गदर्शक तत्त्वं जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये काढली. २०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा त्या क्रीमचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. त्याच वर्षी ऑनलाइन याचिका झाल्यावर शादी डॉट कॉमने कातडीच्या रंगाचा फिल्टर काढला. फिल्टर काढणं किती सोपं असतं ते मला धंद्यामुळे माहीत आहे. दोन-चार ओळी कमी करायच्या, टेस्ट चालवायच्या, डिप्लॉय करायचं. पण व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या बायोडेटाच्या पीडीएफमध्ये उंची आणि रक्तगट यांच्या शेजारी 'वर्ण' असा रकाना अजून आहे, आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ अशी उत्तरं आहेत. 'सावळा' लिहायची वेळ आली की बरेच जण 'गव्हाळ' लिहितात. शब्दही बघा कुठला निवडलाय. वर्ण म्हणजे रंग, आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्णही. एकाच शब्दाने आपण दोन्ही गोष्टी विचारत आलो. विठ्ठल सावळा आहे हे खरं, पण त्याला स्थळ बघायचं नाही.

विज्ञान इथे आपल्या बाजूने नाही. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. आणि ते मेलॅनिन अतिनील किरणं अडवतं. पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या गावात कातडी गडद होते म्हणजे ती आपलं काम करतेय. सीताबर्डीच्या फुटपाथवर उन्हाळ्यात स्कार्फ, सनकोट, लांब हातमोजे विकायला येतात, आणि स्कूटीवरची मुलगी डोळे सोडून सगळी झाकलेली दिसते. ऊन लागू नये म्हणून झाकणं शहाणपणाचंच. पण विकणारा आणि घेणारी दोघंही बोलतात ते 'टॅनिंग'बद्दल, उष्माघाताबद्दल क्वचित.

या सगळ्यात मला हळदीचं उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं. लग्नाआधी हळद लावायची ती कांती उजळावी म्हणून, आणि शुभ म्हणूनही. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून तेल-हळद कपड्याला चिकटली की सुटत नाही. साबण लावला की डाग लाल होतो, कारण साबण अल्कली असतो. घरातल्या बायकांना यावरचा उपाय पाठ आहे: धुऊन कडक उन्हात वाळत घाला. करक्युमिन उजेडात तुटतं आणि डाग फिका पडतो. म्हणजे नागपूरचं जे ऊन साडीवरचा डाग काढतं, तेच ऊन साडी वाळत घालणाऱ्या बाईचे हात काळे करतं. मग त्या हातांना 'टॅन काढायला' पुन्हा हळद-बेसन लावायचं, आणि तो टॉवेल पुन्हा पिवळा. हे चक्र फिरत राहतं, कारण यातली एक गोष्ट डाग होती आणि दुसरी नव्हती, आणि आपण दोन्हींना एकच उपचार केला.

मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ च्या 'प्युरिटी अँड डेंजर' या पुस्तकात मांडलं की घाण ही वस्तूच्या अंगभूत नसते, ती वस्तू कुठे आहे यावर ठरते. हळद वराच्या गालावर शुभ असते, पाहुण्याच्या शर्टवर डाग असते. टॅन स्टेजवर गुण मिळवून देतो, चादरीवर कटकट होतो. हे मान्य केलं तर कातडीचा मूळ रंग डाग ठरूच शकत नाही. तो कुठून येऊन लागलेला नाही. जिथे असायचा तिथेच आहे.

आपल्याकडे हे एका फार मोठ्या प्रमाणावर कुणीतरी करून दाखवलंय. ज्या माणसांचं अंगच विटाळ ठरवलं गेलं होतं, त्यांच्यातल्या बायकांना डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्वच्छ राहा, अंगभर नीट लुगडं नेसा असं सांगितलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षेसाठी आलेली माणसं पांढरे कपडे घालून आली. मी त्याचा अर्थ असा लावतो: कपडा आमच्या हातात आहे, तो आम्ही धुऊ. अंगाला मात्र काहीही लागलेलं नाही, त्यामुळे तिथे धुण्यासारखं काही नाही. ते लाखो पांढरे कपडे आधी कुणीतरी घरी धुतले असतील, आणि ते त्यांनी स्वतःच धुतले असतील.

आपण याच्या बरोबर उलट वागतो. कातडीचा रंग, जो खरोखर ज्याचा त्याचा आहे, त्यावर आत्यापासून ब्युटीपार्लरवालीपर्यंत सगळे मत देतात. आणि कपड्यावरचा डाग, ज्यात खरोखर दुसऱ्याचे कष्ट आहेत, तो 'घरातलं बघून घेतील' म्हणून सोडून देतो. जे खासगी ते चव्हाट्यावर, आणि जिथे जबाबदारी ते खासगी.

आता एक प्रश्न उरतो आणि तो सोपा नाही. टॅन लावणाऱ्याच्या मर्जीचा मी मान ठेवतो, तर गोरेपणाचं क्रीम लावणारीच्या मर्जीचा का नको? ठेवायलाच हवा. तिला कमी लेखायचा हक्क मला नाही. पण दोघांच्या मर्जीभोवतीची परिस्थिती सारखी नाही. बॉडीबिल्डरच्या स्पर्धेला तारीख असते, नियम लिहिलेले असतात, पंच खुर्चीवर बसलेले दिसतात. त्याला नको असेल तर तो स्पर्धेत उतरत नाही, आणि उतरला तरी आठवड्यात रंग जातो. क्रीम लावणारी मुलगी ज्या स्पर्धेत आहे, तिचा फॉर्म तिने भरलेला नाही. तिचे पंच मांडवात, ऑफिसात, बसस्टॉपवर सगळीकडे आहेत आणि निकाल कधी लागतच नाही. दोघंही रंग लावतात, पण एकाला हवं तेव्हा तो खेळ सोडता येतो. म्हणून मला वाटतं की इथे सुधारायला हवेत ते पंच, मुलगी नव्हे. आणि पंच आपणच आहोत.

त्यामुळे माझ्यापुरते दोन नियम मी बनवलेत. ज्याने रंग लावला, त्याने डाग काढायचा. टॅन असो, हेअर डाय असो, होळीचा रंग असो की हळद. चादर स्वतः भिजवायची, स्वतः घासायची, आणि लॉजवर जाताना स्वतःचा टॉवेल न्यायचा. यात मोठेपणा काही नाही, हा हिशेब आहे.

दुसरा नियम मे महिन्यात कामाला आला. आमच्याकडे माझ्या चुलत बहिणीचा बायोडेटा बनवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात लॅपटॉपवाला मीच. टेम्प्लेटमध्ये 'वर्ण' होता. मी ती ओळ काढली. काकू म्हणाल्या, "अरे, लोक विचारतील न." मी म्हटलं, "विचारू द्या. फोटो लावलाय." बहिणीने माझ्याकडे बघितलं आणि फोटोवरचा ब्राइटनेस मूळचा होता तिथे परत नेला. बायोडेटा तसाच गेला. तीन ठिकाणांहून फोन आले आणि त्यातल्या एकाने विचारलंच, "मुलगी गोरी आहे का?" काकूंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग फोनमध्ये म्हणाल्या, "ती मिहानमध्ये नोकरीला आहे. येऊन भेटा, मग ठरवा."